चार बोटे पाणी

१

मार्तंड विश्वनाथ उमाळकर, वय वर्षे चौसष्ट. कोणी नुसते आडनाव विचारले तरी ते नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि वय असे चारही सांगत. अर्धवट दिलेले उत्तर त्यांना अर्धवट धुतलेल्या प्रिंटसारखे वाटे. आज बरे दिसते, उद्या पिवळे पडते. शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढचे सारे शिक्षण त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन स्वतःच स्वतःला दिले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

सीताबर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी सदतीस वर्षे रिटचिंग केले. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचे आणि जे नको असेल ते पात्याने हलकेच खरवडून काढायचे, असे ते काम. नवऱ्या मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण, मामलेदाराच्या हनुवटीखालची वळी, कुटुंबाच्या मागे चुकून उभा राहिलेला गडी. निगेटिव्हवर जे काळे असते ते कागदावर पांढरे उमटते. ते काळे खरवडले की कागदावर त्या जागी काळोख येतो, आणि काळोखात पूर्वी काही होते अशी शंका कोणाला येत नाही.

१९७३ सालच्या डिसेंबरात त्यांच्या पत्नी यमुताई यांना धंतोलीतल्या डॉक्टर कानड्यांच्या दवाखान्यात ठेवावे लागले. पित्ताशयात खडे होते आणि त्यावर अकरा दिवसांचा ताप. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "ताप उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही, आणि खडे फार थांबणार नाहीत. गुरुवारपर्यंत वाट पाहू."

घरी दोघेच. मूलबाळ नव्हते. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, आणि दवाखान्याची शिस्त अशी की पाच वाजून एक मिनिटाने आत आणि सहाला बाहेर. उरलेले तेवीस तास मार्तंडरावांना घरात आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येई.

दवाखान्याच्या बैठकीच्या हॉलमध्ये, यमुताईंच्या चार नंबरच्या खोलीच्या बरोबर खाली, माशांची चार फुटी काचेची टाकी होती. ती डॉक्टरांची हौस. रविवारी संध्याकाळी मार्तंडराव बाकावर बसून घड्याळाकडे पाहत असताना डॉक्टर येऊन उभे राहिले.

"उमाळकर, तुम्ही फोटोच्या धंद्यातले ना? या माशांचा एक स्वच्छ फोटो काढून दाखवा. मी तीन रोल फुकट घालवले. एकात फ्लॅशचा डाग, दुसऱ्यात माझंच पोट, तिसऱ्यात नर्स."

"छायाचित्र काढता येईल," मार्तंडराव म्हणाले. "काच ही आधी आरसा आहे आणि मग काच, एवढे लक्षात ठेवले की जमते. हॉल रिकामा हवा. दुपारी दोन ते चार."

"दिला."

"आणि त्यानंतर पाचापर्यंत मला वर चार नंबरमध्ये बसू द्यावे."

डॉक्टर हसले. "उद्या बसा. फोटो स्वच्छ आला तर पुढेही दिवसभर बसा. नाही आला तर मात्र नियम म्हणजे नियम."

२

सोमवारी दुपारी मार्तंडरावांनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या. टाकीसमोर काळे मांजरपाट आडवे टांगले, त्याला भिंगापुरते भोक पाडले आणि कॅमेरा त्या भोकातून काचेला जवळजवळ टेकवला. फ्लॅश टाकीच्या झाकणावर, तोंड खाली करून ठेवला. आता बाहेरचे काही काचेत उमटणे शक्य नव्हते.

दुसरी अडचण माशांची. इतक्या जवळून टिपताना चार बोटांपलीकडचे सगळे धुरकट येते, आणि मासा कधी पुढे तर कधी मागे. त्यावर त्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकात उपाय वाचला होता. टाकीच्या मापाची दुसरी काच कापून आणायची आणि ती पाण्यात, पुढच्या काचेला समांतर, उभी सरकवायची. दोन काचांमध्ये चार बोटे पाणी राहते. मासे जाळीने उचलून त्या फटीत सोडायचे. मग त्यांना मागे जाता येत नाही.

हे सगळे आया तुळसाबाई बादली हातात धरून पाहत होती. ती मूळची पारशिवनीकडची. आजारी बायकांना पुसणे, फिरवणे आणि टाकीचे पाणी बदलणे ही तिन्ही कामे तिच्याकडे होती.

"त्या पतंगावानी मासोळ्या हायेत न जी, त्याईले कोंडून राहिले काय तुम्ही?"

"पतंग नव्हे. एंजल फिश. आणि कोंडत नाही, मर्यादेत ठेवतो."

"माह्या नवऱ्यानंबी मले तसंच ठेवलं होतं," तुळसाबाई म्हणाली. "मर्यादेत."

मार्तंडरावांनी कॅमेऱ्यावर मान घातली. त्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. वरच्या भिंगातले चित्र कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या दुधी काचेवर दिसते. ते खाली मान घालून पाहायचे. फिल्मवर मात्र खालच्या भिंगातले उमटते. दोन्हींत दोन इंचांचे अंतर. म्हणजे जे पाहिले तेच येईल अशी खात्री जवळच्या चित्रात कधीच नसते. ते अंतर भरून काढायला त्यांनी दोन इंचांचा लाकडी ठोकळा केला होता. आधी पाहायचे, मग कॅमेरा ठोकळ्यावर चढवायचा, आणि मग न पाहता बटण दाबायचे.

बारा चित्रे झाली. काच बाहेर काढायला त्यांनी हात घातला तर तळातला गाळ उठला. सगळे निवळायला दोन तास लागले असते. त्यांनी काच तशीच राहू दिली.

"काढून घ्या न जी ते काच," तुळसाबाई म्हणाली. "पान्यात आडवं काही ठेवू नये म्हने माही माय."

"कारण?"

"कारन तिनं नाही सांगितलं. ठेवू नये, एवढंच."

"ज्याला कारण नाही ती समजूत," असे सांगून मार्तंडराव वर गेले.

यमुताई जाग्या होत्या. डाव्या हाताला सलाईन, उजवा हात चादरीवर मोकळा. त्या तापाने लाल झाल्या होत्या, तरी बोलल्या. "आज लवकर कसं सोडलं तुम्हाला?"

"आपली विद्या," मार्तंडराव म्हणाले, आणि सहा वाजेपर्यंत त्यांचा हात हातात घेऊन बसले. उजवा हात गार होता. अंगात ताप एकशे तीन, आणि हात रांजणाला लागून ठेवल्यासारखा.

३

फिल्म त्यांनी घरी न्हाणीघरात धुतली. बारांपैकी सातवे उत्कृष्ट होते. एंजल फिशचे पर, खवल्यांची रांग, डोळ्याभोवतीचे बारीक कडे, सगळे सुईने काढल्यासारखे. फक्त डाव्या कडेला, माशाच्या मागे, दोन डाग होते. लांबट, टोकाला गोल, एकमेकांना चिकटलेले. चिमटीत मीठ धरताना पहिली दोन बोटे जशी होतात तसे.

त्यांनी पाते उचलले आणि डाग खरवडून टाकले. इतक्या वर्षांची सवय अशी की नको ते आधी जाते, विचार मागून येतो. विचार आला तेव्हा काम संपले होते. आपलेच बोट भिंगाच्या कडेला आले असावे, असा त्यांनी निर्णय केला आणि प्रिंट काढला.

मंगळवारी डॉक्टरांनी तो प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिला. 

"उमाळकर, हे म्हणजे पाणीच नाही असं वाटतं हो. आता याच्या जोडीचा आणखी एक काढा. गुरुवारी माझे मेहुणे यायचे आहेत, त्यांनाही असा छंद आहे. त्यांच्या नाकापुढे धरायचाय मला तो."

"मिळेल."

"मग बसा वर. तुम्हाला कोण अडवतं."

मार्तंडराव जिना चढले ते थोडे ताठच. खोलीत तुळसाबाई यमुताईंचा उजवा हात टॉवेलने पुसत होती.

"पाहा न जी. स्पंज तं म्या सकाळी केला, आन् बोटं अशी झाली. धुनं धुतल्यावानी."

बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतली होती. यमुताईंनी हात वर धरला आणि तो आपला नसल्यासारखे त्याच्याकडे पाहिले.

"अहो, ही दोन बोटं माझी नाहीतच. काल रात्रीपासून."

अंगठ्याशेजारचे आणि मधले. मार्तंडरावांनी ती दाबून पाहिली, नखाने टोचून पाहिली. नर्स म्हणाली, सलाईनमुळे बधिरपणा येतो. सलाईन दुसऱ्या हाताला आहे, असे मार्तंडरावांनी निदर्शनास आणून दिले. नर्स म्हणाली, मग अशक्तपणा.

४

मंगळवारी दुपारी त्यांनी काळे कापड पुन्हा टांगले तेव्हा फटीतले सगळे मासे डाव्या कोपऱ्यात जमलेले होते. तोंडे एकाच जागेकडे, ओठ उघडझाप करीत. पाळलेले मासे खाणे घालणाऱ्याला ओळखतात आणि तो येताच त्याच्या समोर असे गोळा होतात, हे मार्तंडरावांना ठाऊक होते. पण डाव्या बाजूला भिंत होती.

"तिथं कोन खानं टाकून राहिलं?" दारातून तुळसाबाईने विचारले.

"कोणी नाही."

"मग ह्या खाऊन काय राहिल्या?"

मार्तंडरावांनी वाकून पाहिले. पाण्यात काही नव्हते. मासे मात्र काहीतरी तोडत होते, हलकेच, एकमेकांना ढकलत. त्यांनी खाली मान घालून दुधी काचेत पाहिले. मासे, नुसते मासे. ठोकळा. बटण. बारा वेळा.

फिल्म धुऊन ती वाळेपर्यंत बुधवारची सकाळ उजाडली. खिडकीतून आलेल्या उन्हात त्यांनी पट्टी धरली आणि भिंग लावले.

बाराही चित्रांत हात होता. आता नुसती बोटे नव्हती. मनगटापर्यंत आलेला होता. अंगठा होता, करंगळी होती, तिच्या शेजारचे बोट होते. पहिली दोन नव्हती. त्यांच्या जागी रिकामी फिल्म होती, आणि भिंगातून त्या रिकामेपणात तिरप्या बारीक रेघा दिसत होत्या, मुंगीच्या पायाएवढ्या. ज्याने त्याने आपले अक्षर ओळखावे तशी रिटचिंग करणारा आपल्या पात्याची ओढ ओळखतो. ती त्यांची ओढ होती. आणि या फिल्मला पाते लागलेले नव्हते.

मार्तंडराव खुर्चीवर बसले आणि त्यांनी पद्धतशीर विचार केला. प्रतिबिंब म्हणावे, तर काळे कापड होते. शिवाय प्रतिबिंब इतक्या जवळच्या चित्रात धुरकट येते; हा हात माशांच्या खवल्यांइतकाच रेखीव होता. रेखीव असण्याचा अर्थ एकच. तो माशांच्या बरोबरीने, त्याच अंतरावर होता. दोन काचांच्या मधे. चार बोटे पाण्यात.

हा अर्थ त्यांनी नाकारला. फिल्मचा दोष असू शकतो. डोळ्याचाही असू शकतो. वय वर्षे चौसष्ट. डॉक्टरांना उद्या प्रिंट द्यायचा होता. तो दिला नाही तर वर बसण्याची मुभा जाणार, आणि उद्या गुरुवार. शिवाय जमत नाही असे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवली आणि पाते अंगठ्यावर आणले.

अंगठ्याच्या मुळाशी एक ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूला निमुळता.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत करंज्या तळताना यमुताईंच्या हातावर तेल उडाले होते. त्यानंतर आठ दिवसांनी दोघांचे स्टुडिओत छायाचित्र काढले, आणि नव्या नवऱ्याने बायकोच्या हातावरचा तो डाग निगेटिव्हवरून हौसेने काढून टाकला. यमुताईंनी प्रिंट पाहून हात पुढे केला होता. "तुम्ही पुसलात तरी इथं आहेच की."

तेव्हा पुसल्यावरही डाग हातावर होताच. ती गोष्ट मार्तंडरावांनी स्वतःला दोनदा सांगितली. मग पाते खाली ठेवले. 

५

दवाखान्यात पोहोचले तेव्हा दीड वाजला होता. ताप चढलेला होता. यमुताई डोळे मिटून पडल्या होत्या आणि उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता. तुळसाबाई तो उचलून आत ठेवी आणि तो पुन्हा बाहेर येई.

"नाडी डाव्या हाताची पाहून राहिल्या नर्सबाई," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्या हाताची लागत नाही म्हन्ते."

मार्तंडराव जवळ बसले. "यमू." चारचौघांत ते बायकोला नावाने हाक मारीत नसत.

यमुताईंनी डोळे उघडले नाहीत. "फार अरुंद आहे हो. इकडे काच, तिकडे काच. अंग वळवता येत नाही."

"झोप येते आहे का?"

"तुम्ही समोर असता. काळ्या कापडामागे. मी हाक मारते." उजवा हात पुन्हा पलंगाबाहेर गेला.  "तुम्ही खाली मान घालून पाहता. समोर पाहतच नाही."

दुधी काचेविषयी, कापडाविषयी मार्तंडरावांनी त्यांना कधी काही सांगितले नव्हते. तुळसाबाईने सांगितले असेल. त्यांनी तुळसाबाईकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली.

"काच काढा न जी," ती एवढेच म्हणाली.

ते जिना उतरले. हॉल रिकामा होता, खिडक्या लावलेल्या होत्या, टाकीवरचा दिवा जळत होता. पंपाचे बुडबुडे एकसारखे वाजत होते आणि वरच्या मजल्यावर कोणाची तरी खाट सरकल्याचा आवाज झाला. कापड टांगलेले नव्हते. मासे डाव्या कोपऱ्यात नव्हते. ते मधोमध, दोन काचांच्या फटीत, एका उभ्या रांगेत थांबले होते, एखाद्याच्या पाठीला लागून उभे राहावे तसे. त्यांच्या पुढे पाणी होते. फक्त पाणी, असे मार्तंडरावांनी मनाशी म्हटले.

त्यांनी कोट काढून बाकावर घडी घालून ठेवला. बाही कोपरापर्यंत दुमडली. झाकण सरकवले आणि फटीत हात घातला.

पाणी गार होते. काचेची खालची कड सापडायला हात खांद्याजवळपर्यंत बुडवावा लागला. कड सापडली. ती उचलणार तोच त्यांच्या मनगटाला कोणीतरी धरले.

पकड अशक्त होती, आजारी माणसाची असते तशी. अंगठा नाडीवर आला. पलीकडून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट. मधे, जिथे आणखी दोन बोटे लागायला हवी होती, तिथे त्यांना नुसते पाणी लागत होते. आपण बोटे मोजत आहोत हे मार्तंडरावांच्या ध्यानात आले.

त्यांनी या वेळी मान खाली घातली नाही. काच दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती तिरपी होऊन वर येत असताना क्षणभर पाण्यात, अगदी त्यांच्या छातीखाली, वाकलेल्या बाईचा माथा दिसावा तसा सरळ भांग दिसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरत गेलेले पांढरे केस. मासे त्यांतून वाट काढत मागे पळाले. मग गाळ उठला आणि टाकी काळी झाली. मनगट सुटले.

काच त्यांच्या हातातून फरशीवर पडून फुटली. वरून तुळसाबाईचा आवाज आला.

"साहेब, वर या जी. बाई उठून बसल्या."

यमुताई खरोखरच उशीला टेकून बसल्या होत्या. केस, पोलके, उशी, सगळे भिजून चिंब झाले होते. तुळसाबाई त्यांची वेणी दोन्ही हातांनी पिळत होती आणि खाली लोखंडी वाटीत पाणी निथळत होते.

"घाम फुटला. एकदम. ताप उतरला पाहा," नर्स म्हणाली आणि थर्मामीटर झटकला.

"एवढा घाम म्या आजपावतर कोनाचा पाह्यला नाही," तुळसाबाई म्हणाली. वेणी पिळणे तिने थांबवले नाही.

यमुताईंनी नवऱ्याच्या ओल्या बाहीकडे पाहिले.

"किती वेळ लावलात," त्या म्हणाल्या. "मान वर करून पाहायला काय जातं तुमचं?"

६

शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली आणि चांगली झाली. त्यापूर्वी, गुरुवारी, डॉक्टरांनी जोडीच्या फोटोविषयी विचारले होते.

"मला जमत नाही," मार्तंडराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले आणि ते सरळ उच्चारले गेले. डॉक्टरांनी नियमाची आठवण करून दिली. मार्तंडराव भेटीची वेळ होईपर्यंत फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले, त्या दिवशी आणि पुढचे नऊ दिवस.

बारा चित्रांची ती पट्टी त्यांनी जाळली नाही. कापडात गुंडाळून ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवली. पहिले छायाचित्र डॉक्टरांनी चौकटीत बसवून हॉलमध्ये टाकीच्या वर लावले. अजून लोक ते पाहतात आणि पाणीच नाही असे वाटते, असे म्हणतात. ते अत्यंत स्वच्छ आहे. डाव्या कडेला गडद काळोख आहे आणि त्यात पूर्वी काही होते अशी शंका कोणाला येत नाही.

संक्रांतीला तुळसाबाई तिळगूळ घ्यायला महाल भागातल्या त्यांच्या घरी आली होती. निघताना दारात थांबून तिने मार्तंडरावांना सांगितले, "त्या मासोळ्या अजूनबी तिथंच जमतेत जी. डाव्या कोपऱ्यात. तोडून खाऊन राहिल्या काहीतरी. टाकत तं कोनी नाही."

 आतून यमुताईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

त्यानंतर एवढेच बदलले: यमुताईंच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत आणि त्या डाव्या हाताने जेवू लागल्या; आणि मार्तंड विश्वनाथ उमाळकर यांनी पाते पुन्हा हातात धरले नाही.